हळदीआधी सुई

आमच्या भागात रक्त तपासतात ते पोटुशी बाईचं. बोटीवर जाणाऱ्या गड्याचं नाही, वीटभट्टीवर जाणाऱ्याचं नाही, वापीच्या कारखान्यात कंत्राटावर जाणाऱ्याचंही नाही. बाईला दिवस गेले की तिचं नाव लागतं आणि दंडात सुई घुसते. म्हणून हा आजार सापडतो तो बाईत. आणि जिच्यात आधी सापडला तिनंच तो आणला, असं सगळे मिळून ठरवून टाकतात. दवाखाना ठरवतो, सासू ठरवते, पाड्यावरचे म्हातारे ठरवतात. त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नाही. मला वाटतं, म्हणून लिहिते.

डहाणू स्टेशनाबाहेर भिंतीवर पिवळ्या अक्षरांत रंगवलेलं असतं, ‘गुप्तरोग, हमखास इलाज’. गुप्त म्हणे! गुप्त राहतो तो पुरुषाचा रोग. तोच रोग बाईला झाला की माणूस अंगणात मोटरसायकल घालून मोठ्यानं विचारतो. पुढं येईलच ते.

ज्या बाईची ही हकिकत आहे ती सायवनच्या पुढच्या एका पाड्यावर नांदत होती. माहेर तलासरीकडचं. मी चिखल्याची. ओळख चिकूमुळं झाली. हंगामात ती आमच्या बाजूच्या वाडीत चिकू उतरवायला यायची, माझी आई त्याच वाडीत खोक्यात चिकू भरायची. वाडीचा मालक गुजराती बोलायचा, त्यामुळं तिला गुजराती येत होती, हिंदी कामापुरती, आणि मराठी तर आमची दोघींचीच. मी पुढं संघटनेत गेले, पत्रकं वाटायला लागले, रेशनच्या मोर्च्यात ती मागच्या रांगेत असायची. घोषणा द्यायची नाही. विचारलं तर म्हणायची, “तू वरड. मी हाय.” हे सगळं लिहायला तिनंच सांगितलंय. “नाव सोड आन बाकी सगळा लिव,” असं म्हणाली.

संक्रांतीनंतर एका दुपारी ती आमच्या दारात आली. पाच महिने झाले होते. बसली नाही, पाणी घेतलं नाही. दवाखान्यात सांगितलं म्हणाली, गरमी हाय. सिफिलिस. मी अगदी डोळे मिटून घेतले, कारण तिचं आधीचं बाळ मला आठवलं. थोरला मुलगा धडधाकट होता, दुसऱ्या खेपेला तिनं दवाखान्यात नाव लावलं नव्हतं, ते बाळ आठव्या महिन्यात मेलेलं निघालं होतं. तेव्हा कुणी म्हणालं बाहेरचं झालं, कुणी म्हणालं चिकूच्या झाडावर चढली म्हणून. आता डॉक्टरीण म्हणाली होती की बहुतेक याच आजारानं गेलं असणार.

“हे वाचेल का?” तिनं मला विचारलं. मी काय डॉक्टर आहे? पण तिला जे सांगितलं होतं ते तिनं नीट लक्षात ठेवलं होतं. तिला आठवड्याला एक अशा तीन सुया घ्यायच्या होत्या. त्या घेतल्या तर बाळ वाचायची चांगली आशा होती. पण नवऱ्यानंही तपासून सुया घ्यायला हव्यात. त्यानं नाही घेतल्या आणि तो जवळ आला, तर पुन्हा होणार, आणि पुन्हा पोटातल्यापर्यंत जाणार. नवरा सौराष्ट्राच्या बंदरात खलाशी होता. नारळी पुनवेनंतर गेला होता, आता होळीला घरी येणार होता. होळीच्या आत त्याला कळायला हवं होतं. एवढीच अडचण. एका माणसाला एक गोष्ट सांगायची होती, आणि त्यावर एक जीव लटकलेला होता.

दवाखान्यानं तिला नवऱ्यासाठी चिठ्ठी दिली होती. ‘संपर्कातील व्यक्तीने तपासणीकरिता तातडीने उपस्थित राहावे.’ पत्रकं लिहून माझा हात झिजलाय, तरी मला ते दोनदा वाचावं लागलं. नवरा आश्रमशाळेत थोडंफार शिकलेला, एसटीची पाटी वाचतो, औषधाच्या बाटलीवरचा दर वाचतो. ही चिठ्ठी तो दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घेणार. म्हणजे ती त्याच्याआधी त्या दुसऱ्याला कळणार. तिनं ती चुलीत घातली आणि मी तिला अडवलं नाही.

मग फोन. तिच्या पाड्यावर रेंज नाही, चढावर पाण्याच्या टाकीजवळ उभं राहिलं की दोन काड्या दिसतात. बोट बंदरात लागलेली असेल असा अंदाज धरून तिनं फोन लावला. मी शेजारी उभी होते. इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून खलाशी फोन स्पीकरवरच ठेवतात, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

“हॅलो, आयकतोस का? जरा बाजूला जा.”

“बाजूला कुठं जाऊ? बोट हाय, शेत नाय!”

मागून दुसराच आवाज आला, “वयनी, आमाला पन सांगा की! आमी काय परके?” आणखी एक जण, “होळीला येतो म्हनावं, धीर धरा!” आणि सात-आठ जणांचं हसू.

“पोर बरा हाय ना?” नवरा ओरडला.

“बरा हाय,” ती म्हणाली. “भात संपत आला.” आणि फोन ठेवला. भात संपत आला नव्हता. काहीतरी बोलायचं म्हणून बोलली.

यानंतर जे झालं त्याचा मला आजही संताप येतो. तिची पहिली सुई झाली, दुसरी झाली, आणि दवाखान्यातून एक कर्मचारी तिच्या घरी आला. त्या दवाखान्याचं गाव मी लिहीत नाही, कारण असं कुठल्याही दवाखान्यात झालं असतं. सासू अंगणात वाल सोलत बसली होती. त्यानं गाडी बंदही केली नाही.

“ती गरमीची केस इथंच ना? पार्टनर कुठंय?”

सासू म्हणाली, “कसली केस?”

“सून पेशंट आहे ना तुमची. नवऱ्याला पाठवा तिच्या.” आणि गेला.

सासू भोळी नाही. शेजारणीला हाक मारून, गरमी कशानं होते ते तिनं दोन शब्दांत काढून घेतलं. संध्याकाळी ती सुनेला म्हणाली, “माझा पोर नारळी पुनवेपास्न दर्यावर. घरात नाय, दारात नाय. मंग ह्यो रोग आला कुठून? चिकूच्या वाडीत जायचीस ना तू?” एवढंच. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तिचा पाण्याचा तांब्या वेगळा झाला. हा आजार तांब्यातून लागत नाही. पण सांगणार कोण, आणि कुणाला?

मी त्या कर्मचाऱ्याला गाठलं.

तो म्हणाला, “मॅडम, मला पार्टनर ट्रेस करायचा असतो. वरून विचारतात.”

“अंगणात ओरडून?”

“मग काय कानात सांगू?”

“हो! कानातच सांगायचं असतं. तेच तर तुमचं काम आहे!”

“तुम्ही पत्रकं वाटा,” तो म्हणाला. “सगळ्या गावाला एकदम सांगायची तुम्हाला सवय. आम्हाला एकेकाला शोधावं लागतं, ते करून बघा.”

तो उद्धट होता, पण जे बोलला ते खोटं नव्हतं. या निरोपाचं पत्रक होत नाही.

तिसरी सुई झाल्यावर ती माहेरी निघून गेली. भांडून नाही. थोरल्याला कडेवर घेतलं, दोन लुगडी बांधली, सासूला सांगितलं, “आयेकडं चालले.” इथं एक गोष्ट सांगायला हवी. डोंगराकडच्या पाड्यांवर मुलगा-मुलगी एकत्र राहायला लागतात, पोरं होतात, आणि लग्नाचा मांडव पुढं कधीतरी, सवड झाली की पडतो. यात कुणाला लाज नाही. शहरातल्या लोकांना हे ऐकून मजा वाटते. वाटू दे. या दोघांचा मांडव या वर्षी चैत्रात पडायचा होता. आणि हळद लागेपर्यंत बाई माहेरी जाऊन बसली तर तिला कुणी ओढून आणू शकत नाही. नवऱ्याकडच्यांनी यायचं, दोन्हीकडच्या जुन्या माणसांनी बसायचं, कारण विचारायचं, समजूत घालायची. तिनं हे सगळं मोजूनच केलं होतं. “इथं ऱ्हायले तर तो होळीच्या दिवशी येनार, दारू पिनार, माझ्याजवळ निजनार,” ती मला म्हणाली. “तेव्हा मी काय सांगू? आन कुठल्या तोंडानं? तिथं असेन तर त्याला यावं लागंल. मागायला येनारा मानूस आयकतो.”

होळी झाली. तो आला, घरात बायको नाही. आईनं त्याला काय सांगितलं असेल ते सांगायला नको. दोन दिवसांनी तो आई, काका आणि पाड्यावरच्या तीन म्हाताऱ्यांना घेऊन तलासरीकडं आला. तिनं मला बोलावून घेतलं होतं. तिच्या बापाच्या अंगणात गोणपाटं अंथरली होती. पुरुष एका बाजूला, बायका ओट्यावर. ती मधे, पोटावर हात ठेवून, मी तिला लागून. नवरा समोर, उन्हानं करपलेला, हातांवर दोराच्या खुणा, नजर जमिनीत.

एका म्हाताऱ्यानं सुरुवात केली. “काय बाय, घर सोडून आलीस. कारन सांग.”

“कारन हाय. त्याला सांगेन.”

“आमाला सांग. पंचात बसलो हाय.”

“तुमाला नाय. त्याला.”

कुजबुज झाली. दुसरा म्हातारा पुढं सरकला. “पंचात कारन सगळ्यांपुढं सांगायचा असतो. आमी काय इथं ताडी प्यायला आलो?”

“ताडी बी भेटंल,” तिचा बाप घाईघाईनं म्हणाला.

“दुसरा कोनी बघितलास काय?” काकानं थेट विचारलं.

“बघितला असता तर इथं बसले असते? पळाले असते की!”

ओट्यावरच्या बायका हसल्या. सासू हसली नाही. ती म्हणाली, “सांग ना मंग सगळ्यांना, कसली सुई घेतेस ती.”

मला राहवेना. मी उठायला लागले. तोंडात भाषण तयार होतं, रक्त कुणाचं तपासतात आणि कुणाचं नाही, इथपासून. तिनं खालच्या खाली माझ्या पायाची नडगी अशी दाबली की मी बसलेच. बरं झालं. मी बोलले असते तर अर्ध्या तालुक्याला कळलं असतं, आणि ज्याला कळायला हवं तो तिथून उठून गेला असता.

ती सासूकडं वळून म्हणाली, “आये, सुई घेते ती तुझ्या नातवंडासाठी. बाकी तुझ्या पोराला सांगेन. तो मंग तुला सांगू दे नायतर नको सांगू दे.”

पंच चिडले. त्यांचंही मला समजतं. त्यांच्या रिवाजात न्याय म्हणजे सगळ्यांच्या कानावर घालणं. झाकून ठेवलेलं कारण म्हणजे खोटं कारण. आणि इथं एक बाई म्हणत होती की माझं कारण खरं आहे, पण ते फक्त एका माणसाचं आहे. अशी गोष्ट त्यांच्यापुढं कधी आलीच नव्हती. एक जण उठून धोतर झटकायला लागला. म्हणजे मोडलं. म्हणजे तो परत बोटीवर जाणार, काही न कळता, आणि वैशाखात उतरून तिच्याकडं येणार नाहीतर दुसरी आणणार. 

ओट्याच्या टोकाला एक डोशी, म्हणजे म्हातारी, बसली होती. ती धवलेरी. आमच्याकडं डोंगरातली लग्नं ती बाई लावते. गाणी तीच म्हणते, हळद तीच सुरू करते. सगळा वेळ ती तंबाखू मळत होती. म्हणाली, “ओ पाटील. हळद मी लावायची का तुमी?”

“तूच की.”

“मंग बस खाली.” तो बसला. “नवरीच्या मनात काय हाय ते नवऱ्याला कळल्याबिगर मी हळद कुटनार नाय. मला गानं सुचनार नाय. दोघांना त्या शेतात पाठवा. तुमाला दिसतील. आयकू येनार नाय. डोळ्यांनी पंच करा आज.”

“असं कधी झालंय काय?” काका म्हणाला.

“आज व्हतंय.”

भात कापून गेलेलं शेत, नुसती खुंटं उभी. दोघं बांधावरून उतरून मधोमध जाऊन उभी राहिली. आम्ही सगळे अंगणाच्या कडेला येऊन बघत होतो. दोन पाडे मिळून दोन माणसांचं बोलणं बघत होते. क्रिकेट बघतात तसं.

“हात हलवते.”

“भांडते काय?”

“नाय, बोट नाय दाखवत.”

“त्यानं तंबाखू काढली.”

“खिशात टाकली परत. म्हंजे काम गंभीर हाय.”

मग तो खुंटांतच खाली बसला. एकदम. सासू उठून दोन पावलं पुढं गेली. धवलेरीनं तिचा पदर धरला. “तुला बोलावलंय काय? बस.”

तिनं त्याला काय सांगितलं ते मला नंतर कळलं. जसं सांगितलं तसं लिहिते.

“माझ्या रगतात गरमी निघाली. मी दुसऱ्या कोनाकडं गेले नाय. तू गेला असशील. मला आता ते विचारायचा नाय. मी सुया घेतल्या. तू घे. नाय घेतल्यास तर मी येनार नाय, हळद नाय, काय नाय.”

तो म्हणाला, “माझ्याकडनंच आलं कशावरनं?”

“रगत तपास. तुझं साफ निघालं तर मी तुझ्या आयेच्या पाया पडंन, सगळ्यांपुढं.”

मग ती म्हणाली, “आधीचा पोर यानंच गेला.” तेव्हा तो खाली बसला होता.

  मग तो उठला, ढुंगण झटकलं, आणि दोघं परत आली. ती पुढं, तो मागं.

“काय ठरलं?” काकानं विचारलं.

“उद्या डहानूला दवाखान्यात जातो. दोघं.”

“कशाला?”

तो काकाकडं वळला. मग म्हणाला, “लगीन करायचा तर दोघांचा रगत तपासायला लागतो. नवीन नेम हाय.”

 असा नियम माझ्या माहितीत कुठंच नव्हता. ओट्यावरून एक बाई म्हणाली, “आमच्या पोराचा बी चैत्रातच हाय. त्याचा पन तपासायला लागंल काय?” सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण सरकारी कागदांचं मला कळतं असा त्यांचा समज.

“हो,” मी म्हणाले. “हळदीआधी. दोघांचं. नवऱ्याचं आधी.”

खोटं बोलले म्हणा. मला त्याचं काही वाटत नाही. जो नियम हवा होता आणि कुणी केला नव्हता, तो एका घाबरलेल्या खलाशानं भर अंगणात केला. मी फक्त शिक्का मारला. धवलेरी म्हणाली, “आधी सुई, मंग हळद. मी बी आठवन देईन.” आणि ती खरंच देते. त्या चैत्रात आणखी तीन जोडपी दवाखान्यात गेली. एकाही बाईला एकटीनं खाली मान घालून जावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं मलाही सोबत नेलं. डहाणूच्या दवाखान्यातली समुपदेशक समंजस होती. दार लावलं, खुर्च्या दिल्या, हळू बोलली. त्याच्या रक्तात निघालंच. तिनं विचारलं, कधी फोड आला होता का, दुखत नसलेला?

“आलता,” तो म्हणाला. “खाऱ्या पान्याचा. बोटीवर सगळ्यांना येतात. ओले दोर, ओले कपडे. खोबऱ्याचा तेल लावला, गेला.”

हे ऐकून मी थक्क झाले. बरोबरच होतं त्याचं. मिठानं, दोरानं अंगभर फोड येणाऱ्या माणसाला त्यातला एक वेगळा आहे हे कसं कळणार? तो दुखत नाही, आणि आपोआप जातो. आमच्या पत्रकात ‘लक्षणे’ म्हणून जे छापलं होतं त्यात खाऱ्या पाण्याचा शब्द नव्हता. पुढच्या पत्रकात मी तो पहिल्या ओळीत घातला.

मग समुपदेशक म्हणाली, “आणखी कुणाशी संबंध आला असेल तर त्यांनाही कळवायला हवं.” बायकोकडं बघून, “तुम्ही जरा बाहेर बसता का?”

“मी बाहेर जानार नाय.”

“बसू दे तिला,” तो म्हणाला. आणि सांगितलं. बंदरात कोळंबी सोलायच्या शेडमध्ये एक बाई आहे. तीही कुठून तरी कामालाच आलेली. फसवणूक नाही, पैसे नाहीत, झालं ते झालं.

“बंदर दुसऱ्या राज्यात आहे,” समुपदेशक म्हणाली. “तिकडच्या दवाखान्याला मी कळवू शकते, पण नाव-पत्ता लागेल.”

“पत्ता नाय.” मग हळूच, “नंबर हाय.”

तिनं त्याच्याकडं वळून बघितलं. “नंबर हाय! माझा नंबर तुला चार वर्सं पाठ होईना, मुलाच्या नावानं सेव केलास, आन तिचा हाय!”

समुपदेशक खिडकीबाहेर बघायला लागली. मीही.

“लाव,” ती म्हणाली.

“काय?”

“फोन लाव. कोन सांगनार तिला? तू? तू बोटीवर असाच सांगशील, स्पीकर लावून?”

आम्ही बाहेर सायकली लावतात तिथं आलो. त्यानं लावला आणि फोन तिच्या हातात दिला. ती गुजरातीत बोलली, वाडीत शिकलेल्या. मी इथं मराठीत लिहिते.

“मी बोटीवरच्या त्या डहाणूवाल्याची बायको.”

पलीकडून फोन कट.

पुन्हा लावला. “ठेवू नको. भांडायला नाही केला. भांडायचं असतं तर तिकडं आले असते. ऐक. त्याच्या रक्तात आजार निघाला, माझ्या पण. तुझं तपास. सरकारी दवाखान्यात जा, सुई फुकट आहे. माझं एक बाळ गेलं त्यानं. तू पोटुशी आहेस का?”

पलीकडची बाई काहीतरी बोलली. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “मी नाही तर कोण सांगणार तुला? तुझा पत्ता कोणाकडं नाही. दवाखान्याचा माणूस तुझ्या अंगणात पण येणार नाही, ओरडायला सुद्धा.”

फोन बंद करून तिनं नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात टाकला. “जाईल म्हनते,” एवढंच म्हणाली. गेली का, ते आम्हाला ठाऊक नाही. पण तिला कळलं. आमच्या सगळ्या कार्यालयांत, रजिस्टरांत, पत्रकांत त्या बाईसाठी एक ओळ नव्हती, आणि तिला कळवलं ते तिनं, जिला तिचा राग यायचा पूर्ण हक्क होता.

त्याच्या तीन सुया होईपर्यंत तो बोटीवर गेला नाही. तांडेलानं, म्हणजे बोटीच्या कप्तानानं, फोनवर त्याला आई-बहिणीवरून शिव्या घातल्या. त्यानं सांगितलं, लगीन हाय. ती माहेरीच राहिली. चैत्रात मांडव पडला, पोट पुढं घेऊन ती हळदीला बसली, थोरला मुलगा मांडीवर चढायला बघत होता. धवलेरीचा आवाज फाटलेला होता, पण तिनं एकही कडवं सोडलं नाही.

वैशाखात तिला कळा लागल्या. डहाणूलाच नेलं. मी पोचले तेव्हा सासू वऱ्हांड्यात भिंतीला टेकून बसली होती. आमचं दोघींचं तोवर फारसं बोलणं नव्हतं. दार बंद होतं. आतून आवाज येत होते, मग बंद झाले. ते बंद झाले तेव्हा सासूनं माझा हात धरला. मला तो सोडवता आला असता. मी सोडवला नाही. मग बाळ रडलं. किरकिरं, रागावलेलं. मुलगी.

संध्याकाळी तिला वॉर्डात आणलं. दहा-बारा खाटा, प्रत्येक खाटेशी दोन-दोन नातेवाईक. बाळाचं रक्त तपासायचं होतं, पुढंही तपासत राहायचं होतं, ते आम्हाला सांगून ठेवलेलं होतं. नवीन पाळीची नर्स दारातच उभी राहून ओरडली, “गरमीवाली कोण आहे? ती सिफिलिसची?”

सगळा वॉर्ड वळला. मी तोंड उघडलं, पण ती माझ्या आधी बोलली. उशीवर कोपर टेकून उठली, घामानं केस चिकटलेले.

“मी. आन माझा नवरा बी. दोघांच्या सुया झाल्या. पोरीचा रगत घ्यायचा ना? ये.”

सासू खाटेच्या पायथ्याशी बसली होती. मुलाचंही नाव निघालं ते तिनं ऐकलं. तोवर तिला कुणी सरळ सांगितलं नव्हतं, तिनंही विचारलं नव्हतं.  तिनं बाळाच्या अंगावरचं फडकं नीट केलं, मान वर केली आणि नर्सला म्हणाली,

“हळू बोल, बाय. पोर आत्ता निजलंय.”